इन्कम टॅक्सचा रिफंड: पैसे आपलेच, व्याज मात्र निम्मं

रिटर्नचा मोसम आला की आमच्या पार्ल्यात सोसायटीच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो: रिफंड आलाय, तो पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचा का? टॅक्स बसेल का?

उत्तर आधी देतो. रिफंडच्या मूळ रकमेवर एक पैसाही कर नाही. पगारातून, एफडीच्या व्याजातून किंवा फीमधून कापलेला टीडीएस आणि तुम्ही भरलेला अ‍ॅडव्हान्स टॅक्स मिळून खऱ्या करापेक्षा जास्त झाला, की वरची रक्कम परत येते. ज्या उत्पन्नातून ती कापली गेली ते पूर्ण उत्पन्न तुम्ही रिटर्नमध्ये दाखवलेलंच असतं. तेच पैसे परत आले म्हणून पुन्हा कर कसा लागेल?

त्या रकमेबरोबर येणारं व्याज मात्र करपात्र आहे, आणि नेमकं तेच दाखवायचं राहून जातं.

शेजारच्या काकूंचं उदाहरण देतो, त्यांना विचारूनच. काका गेल्यावर होतं नव्हतं ते सगळं एफडीत ठेवलं. वर्षाचं व्याज ३,८०,००० रुपये, दुसरं उत्पन्न नाही. बँकेने १० टक्के म्हणजे ३८,००० कापले. काकूंचा कर शून्य, रिटर्नही वेळेत भरलेलं. सप्टेंबरमध्ये पासबुकात ३९,१४० जमा झाले आणि काकू घाबरल्या. वरचे १,१४० कुणाचे? बँकेची चूक असली तर परत मागतील का? बेंगळुरूच्या सीपीसीकडून (रिटर्न तपासणारं आयकर खात्याचं केंद्र) आलेली १४३(१)ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासल्याचं पत्र, उघडून दाखवली. रिफंडच्या रकमेखाली, कलम २४४एचं व्याज वेगळ्या ओळीत. दरमहा अर्धा टक्का, एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने, ३८,०००वर १,१४०. पासबुकात एकच आकडा उमटतो, म्हणून ही ओळ कुणी बघतच नाही. एआयएसमध्ये (आयकर खात्याकडचं तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाचं पत्रक) मात्र ती रक्कम चढलेली असते. हे व्याज ज्या वर्षी मिळालं त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ या सदरात दाखवायचं. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर ८०टीटीबीची वजावट मिळते, ती याला लागू नाही, कारण हे ठेवीवरचं व्याजच नव्हे.

टीडीएस आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या रिफंडवर व्याज १ एप्रिलपासून मिळतं, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. उशीर केलात तर भरल्या तारखेपासून. रिफंड ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाहीच. (ही कलमं १९६१च्या कायद्यातली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा कायदा लागू, तेव्हा कलमांचे क्रमांक बदललेले दिसतील.)

आता माझं मत. मोठा रिफंड आला म्हणून आनंद मानू नका. काकूंचे ३८,००० मुळात कापलेच जायला नको होते. साठी ओलांडलेल्या माणसाचा अंतिम कर शून्य असेल, तर एप्रिलमध्येच बँकेला स्वयंघोषणापत्र द्यायचं, ज्याला आपण इतकी वर्षं १५एच म्हणत आलो. मग टीडीएस कापत नाहीत. काकू दर महिन्याला त्याच काउंटरवर पासबुक भरून घेतात, पण हे त्यांना तिथे कुणीही सांगितलं नाही, याचा मला राग आहे. काहीजण म्हणतात, बचत खात्यापेक्षा सहा टक्के बरे की! ज्याला त्या पैशांची निकड नाही त्याने म्हणावं. काकूंचं औषधाचं बिल सप्टेंबरपर्यंत थांबत नाही.

आणि ‘जास्त रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांना उभं करू नका. खोट्या देणग्या, खोटं घरभाडं दाखवून मिळवलेला रिफंड परत द्यावा लागतोच, वर बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड. रिटर्नवर सही तुमची असते, एजंटाची नाही.

मला सगळ्यात खटकतो तो व्याजाचा दर. आपण अ‍ॅडव्हान्स टॅक्स कमी भरला तर कलम २३४बीखाली दरमहा एक टक्का. सरकारकडे आपले पैसे अडकले तर दरमहा अर्धा टक्का. एकाच कायद्यात, एकाच करदात्याला. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीचे पैसे खात्याने वर्षानुवर्षं अडकवले, तेव्हा २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलंबाची भरपाई द्यायला लावली होती. पण २०१३मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं, की कायद्यात लिहिलंय तेवढंच व्याज मिळेल. म्हणजे बदल व्हायचा तर तो कायद्यातच. अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालय नागरिकांकडून सूचना मागवतं. घ्यायचा आणि द्यायचा दर एकच ठेवा, एवढी एक ओळ मी पाठवणार आहे. मराठीत पाठवणार आहे. तुम्हीही पाठवा.