दवाखान्याकडून उत्तर: सशाच्या कानातल्या खपल्या आम्ही का ओढल्या नाहीत

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की कानातली घाण साफ करून घ्यायला ससा आणला, तर डॉक्टरांनी कान साफ केलाच नाही. इंजेक्शन टोचून चौदा दिवसांनी पुन्हा बोलावलं, घरातल्या धडधाकट सशालाही तेच टोचलं, म्हणजे सरळसरळ पैसे उकळले. ससे पाळणारी आणखी मंडळी हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहिते.

ती घाण नव्हती. तुमच्या पांढऱ्या सशाच्या दोन्ही कानांत आतून पापुद्र्यावर पापुद्रा चढलेल्या तपकिरी खपल्या होत्या. ही कानातली खरूज. सोरोप्टीस नावाच्या बारीक किड्यांमुळे ती होते. खपलीचा कणभर चुरा काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली वळवळणारे किडे मी तुम्हाला दाखवले होते. हे किडे कातडी पोखरून आत शिरत नाहीत, वरच राहून तिला सतत त्रास देतात. त्यातून पाझरणारी लस, मेलेली कातडी आणि किड्यांची विष्ठा साचून, वाळून खपली तयार होते. तिच्याखालची कातडी ओली आणि सोललेली असते. चिमट्याने खपली ओढली की रक्त येतं आणि भयंकर दुखतं. ससा कुत्र्यासारखा केकाटत नाही, गप्प बसून सोसतो. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, त्याला काही होत नाहीये. पण दुखणं वाढलं की तो खाणं सोडतो. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर आतडी मंदावतात आणि जिवावर बेततं. तुमच्या बिलात वेदनाशामक औषध आहे ते यासाठीच. किडे मेले की खपल्या आपोआप सुटून पडतात. दुसऱ्या खेपेला तुमच्या सशाचे कान बहुतेक मोकळे झाले होते, तेही कापूससुद्धा आत न घालता.

आता दुसरं इंजेक्शन. त्यातल्या आयव्हरमेक्टिन या औषधाने चालते-फिरते किडे मरतात, अंडी मरत नाहीत. अंड्यापासून किडा वाढून स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. त्याआधीच त्याला गाठायचं म्हणून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा बोलावतो. पहिल्या डोसनंतर खाज थांबते, ससा बरा दिसतो आणि बरेच लोक परत येत नाहीत. मग महिन्याभराने तेच दुखणं, तोच खर्च.

धडधाकट सशाबद्दल. दोघे एकाच पिंजऱ्यात राहतात, एकमेकांना चाटतात, एकाच गवतावर झोपतात. सुरुवातीला किडे थोडे असतात आणि कानात खोलवर असतात, बाहेर काहीच दिसत नाही. एकालाच औषध दिलं असतं, तर दुसऱ्याकडून त्याला पुन्हा लागण झाली असती.

‘गुरांचं औषध थेंबभर टोचलं’ असंही तुम्ही म्हणता. गुरांसाठी मिळणाऱ्या एक टक्क्याच्या आयव्हरमेक्टिनमध्ये एका मिलीत दहा मिलिग्रॅम औषध असतं. दीड किलोच्या सशाला अर्धा मिलिग्रॅम म्हणजे भरपूर. म्हणूनच तो थेंबभर डोस, आणि म्हणूनच आधी वजन. कृपया कोणीही हे औषध मेडिकलमधून आणून घरी टोचू नका.

राहिला तुमच्या रागाचा मुद्दा. कुत्र्याच्या मानेवर सोडायचे पिसवा-गोचिडांचे थेंब दुकानदाराने तुम्हाला स्वस्तात दिले होते आणि ते मी वापरू दिले नाहीत. त्या थेंबांत फिप्रोनिल हे कीटकनाशक होतं. फिप्रोनिलने ससे मरतात. आधी खाणं सुटतं, मग मलूल पडतात, झटके येतात. कधी कधी हे सगळं थेंब सोडल्यावर काही दिवसांनी सुरू होतं, आणि तोवर त्या थेंबांचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी मी कडक शब्दांत बोलले, आणि उद्या दुसरं कोणी ती ट्यूब घेऊन आलं तर तितक्याच कडक शब्दांत बोलेन. ती ट्यूब अजून घरात असेल तर सशांपासून लांब ठेवा. घरातल्या कुत्र्याला ती लावली तरी काही दिवस सशांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.

केसपेपरवर पाहिलं, तुमच्या दुसऱ्या सशाचं दुसरं इंजेक्शन राहिलंय. त्या दिवशी तुम्ही एकालाच घेऊन आला होता. या आठवड्यात त्याला आणा, कान तपासायची फी घेणार नाही, फक्त औषधाचे पैसे द्या. आमच्याकडे यायचं नसेल तरी हरकत नाही. ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांच्यासाठी दोघांच्या केसपेपरचे फोटो पाठवते, दवाखान्याच्या नंबरवर मेसेज करा. तोवर पिंजऱ्यातलं सगळं जुनं गवत फेकून द्या, पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात ठेवा. लाकडी खोका असेल तर तो टाकूनच द्या, त्याच्या फटींत किडे दोन-तीन आठवडेसुद्धा तग धरू शकतात.