जेस फिशलॉकने नेमकी कुणाची जागा अडवली?

माझी भाची कोल्हापुरात फुटबॉल खेळते, मिडफिल्डला. तिच्या टीमच्या ग्रुपवर परवा एक फिरता मेसेज येऊन पडला. मजकूर असा: ‘वेल्सची जेस फिशलॉक म्हणे महान! वर्ल्ड कप एकही नाही. युरोत तिन्ही सामने हरली. शंभर सामन्यांचा विक्रम बायकांचा, तो कशाला मोजायचा? आणि अडतिसाव्या वर्षापर्यंत तरुण पोरींची जागा अडवून बसली.’ चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींनी हे वाचलंय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

वर्ल्ड कप खेळली नाही, हे खरं. मान्य. पण वेल्सच्या पुरुष संघाचे रायन गिग्ज आणि इयन रशही कधी खेळले नाहीत. त्यांच्या मोठेपणावर कुणी शंका घेत नाही. वेल्सचा पुरुष संघ १९५८ नंतर थेट २०२२ला वर्ल्ड कपला पोचला. त्याच वर्षी महिला वर्ल्ड कपच्या पात्रतेसाठीच्या प्लेऑफमध्ये फिशलॉकने बोस्नियाविरुद्ध जादा वेळेत गोल मारून संघाला पुढे नेलं. पुढच्या सामन्यात स्वित्झर्लंडने जादा वेळ संपता संपता गोल केला आणि सगळं गेलं.

युरो २०२५मधले, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेतले पराभव मोठे होते, तेही कबूल. पण गटात कोण होतं, हे मेसेजमध्ये का नाही? २०१७चा विजेता नेदरलँड्स, २०२२चा विजेता इंग्लंड आणि सोबत फ्रान्स. ही स्पर्धाही शेवटी इंग्लंडनेच जिंकली. वेल्सच्या महिलांची ही पहिलीच मोठी स्पर्धा होती.

आता ती ‘जागा अडवली’वाली ओळ. मला सगळ्यात जास्त राग तिचाच आला. २०१९मध्ये फिशलॉक ल्यों या फ्रेंच क्लबकडून खेळली, त्या संघाने चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत खेळताना तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. वय ३२. बरेच जण तिथेच थांबतात. ती परत आली आणि २०२१मध्ये अमेरिकेच्या नॅशनल विमेन्स सॉकर लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०२४मध्ये तिने वेल्सच्याच हेलन वॉर्डचा ४४ गोलांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. युरोत फ्रान्सविरुद्ध वेल्सचा मोठ्या स्पर्धेतला पहिला गोल कुणाचा? तिचाच. लाइन्समनने ऑफसाइड दिला होता, व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी, तो गोल ठरवला. महिलांच्या युरोत इतक्या वयात त्याआधी कुणीच गोल केलेला नव्हता. मग तिच्या जागी कुणाला घ्यायचं होतं? आणि तरुण मुलींना संधी मिळत नव्हती म्हणणाऱ्यांनी डिसेंबर २०२४चा डब्लिनचा सामना बघावा. आयर्लंडला हरवून वेल्सने युरो गाठला, त्यातला दुसरा गोल २१ वर्षांच्या कॅरी जोन्सचा होता. दोघी एकाच संघात होत्या.

राहिले शंभर सामने. वेल्स फुटबॉल संघटनेच्या नोंदीनुसार पुरुष-महिला मिळून शंभरी गाठणारी पहिली खेळाडू फिशलॉक, २०१७मध्ये. क्रिस गंटर पुरुषांमधला पहिला, तो २०२१मध्ये. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये तिने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला तेव्हा तिचे सामने १६०च्या पुढे गेले होते. स्वतःच्या देशाची संघटना जे मोजते, ते मेसेज लिहिणाऱ्याने वजा करायचं कारण नाही.

ज्यांनी हा मेसेज मुलींच्या ग्रुपवर टाकला, त्यांनी निदान वयाची ती ओळ तरी तिथेच चुकीची म्हणून मागे घ्यावी.