फळ ‘सुपर’ कधी होतं?

अमेरिकेत डाळिंबाच्या रसाची एक जाहिरात होती. रसाची बाटली, तिच्या गळ्यात कापलेला फास आणि वर मजकूर: मरणाला चकवा. कंपनीचं नाव पॉम वंडरफुल. मालक स्टुअर्ट आणि लिंडा रेझनिक, कॅलिफोर्नियातलं अतिश्रीमंत शेतमालक जोडपं. त्यांच्याकडे डाळिंबाच्या हजारो एकर बागा होत्या, आणि तेव्हा अमेरिकेत डाळिंब रोज खाणारं कुणी नव्हतं. म्हणून २००२ मध्ये रस बाजारात आला. गोल गरगरीत बाटली, किंमत चढी, आणि प्रत्येक जाहिरातीत एकच शब्द: अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखतं असं सांगितलं जाणारं द्रव्य.

कुणी ‘सुपरफ्रूट’ म्हटलं की मला पहिली ही बाटली आठवते. फळ खरं, संशोधन खरं, डॉक्टरही खरे, आणि तरी जाहिरात खोटी. हे नेमकं कसं जमतं ते या एका प्रकरणात धडधडीत दिसतं.

पॉमने संशोधनावर साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला, असं कंपनीच अभिमानाने सांगायची. त्यातला सुरुवातीचा एक अभ्यास इस्रायलमधला. मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालेले १९ पेशंट, त्यातल्या दहा जणांना वर्षभर डाळिंबाचा रस दिला. त्यांच्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी ३० टक्क्यांनी कमी झाली म्हणे. लगेच जाहिरात: तुमच्या हार्टच्या डॉक्टरला चकित करा! नंतर कंपनीच्याच पैशाने मोठा अभ्यास झाला. २८९ माणसं, १८ महिने, निम्म्यांना रस आणि निम्म्यांना रसासारखं दिसणारं दुसरंच पेय. शेवटी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हा निकाल आल्यावरही ग्राहकाला ऐकवला जात होता तो दहा जणांचा ३० टक्के.

प्रोस्टेट कॅन्सरचंही तसंच. २००६ च्या अभ्यासात रस पिणाऱ्यांचा पीएसए (या कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात मोजतात ते प्रथिन) वाढण्याचा वेग मंदावलेला दिसला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. पुढे तुलनेचा गट ठेवून अभ्यास केला तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही.

२०१० मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, खटला भरला. २०१३ मध्ये कमिशनने ३६ जाहिराती खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. कंपनी वरच्या कोर्टात गेली. जानेवारी २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने निकाल मुख्यतः कायम ठेवला. (निकालपत्र श्री श्रीनिवासन या न्यायाधीशांनी लिहिलेलं, जन्म चंदीगडचा. आपली माणसं कुठे कुठे भेटतात!) रोगाचा उल्लेख करून दावा करायचा असेल तर निदान एक तरी धड चाचणी हवी, असं त्या निकालाचं सार.

आता याच्या पुढची गंमत. हीच पॉम दुसऱ्या खटल्यात फिर्यादी होती, कोकाकोलाविरुद्ध. कोकाकोलाच्याच मिनिट मेड या ब्रँडच्या एका बाटलीवर डाळिंब आणि ब्लूबेरीचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. आत डाळिंबाचा रस ०.३ टक्के, ब्लूबेरीचा ०.२ टक्के, बाकी जवळपास सगळा सफरचंद आणि द्राक्षाचा. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की पॉमला असा दावा लावता येतो. २०१६ मध्ये ज्युरीने मात्र कौल कोकाकोलाच्या बाजूने दिला. दोन्ही खटले शेजारी ठेवून वाचावेत, करमणूक होते.

पण हे अँटिऑक्सिडंटचे आकडे येतात तरी कुठून? बरीच वर्षं ते ‘ओरॅक’ नावाच्या चाचणीतून यायचे. परीक्षानळीत एक चमकणारा रंग घ्यायचा, त्याला खराब करणारं रसायन घालायचं आणि फळाचा अर्क किती वेळ ती चमक टिकवतो ते मोजायचं. चाचणी चांगलीच आहे, पण ती नळीतली. अमेरिकेच्या कृषी खात्याने शेकडो पदार्थांचे ओरॅक आकडे प्रसिद्ध केले, कंपन्यांनी ते लेबलांवर चढवले, आणि २०१२ मध्ये खात्याने तो तक्ता सरळ काढून टाकला. कारणही स्पष्ट दिलं: या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध सिद्ध झालेला नाही आणि कंपन्या त्यांचा गैरवापर करताहेत. त्या यादीत वजनाला वजन धरलं तर लवंग आणि दालचिनी ब्लूबेरीच्या कितीतरी पुढे होत्या. सुपरलवंग मात्र कुणी विकायला काढली नाही.

डाळिंबाच्या बाबतीत तर आणखी एक मेख आहे. त्यातलं गाजलेलं द्रव्य, प्युनिकॅलॅजिन, मुख्यतः सालीत असतं. कारखान्यात अख्खं फळ दाबतात तेव्हा सालीतला तुरटपणा रसात उतरतो आणि आकडा वाढतो. घरी दाणे काढून केलेल्या रसाचा आकडा त्यामुळे कमीच येतो. (पोट बिघडल्यावर आजी डाळिंबाची साल उगाळून द्यायची, तो तुरटपणा हाच.) शिवाय हे द्रव्य जसंच्या तसं रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचं दुसरंच काहीतरी करतात, आणि सगळ्यांचे जिवाणू ते सारखं करत नाहीत.

जास्त अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त आरोग्य, हा हिशेबही माणसांवर तपासून झालाय. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन या गाजरातल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी जास्त झाला. गाजर वाईट असा याचा अर्थ कुणी काढू नका. एक घटक वेगळा काढून गोळीत भरला की तो गाजरासारखा वागेल याची खात्री नाही, एवढंच यातून कळतं.

मग फळ सुपर कधी होतं? माझं मत सरळ आहे: त्याच्या साठ्यावर, पुरवठ्यावर किंवा ब्रँडवर कुणा एकाची पकड असली की. फळात काय आहे हा प्रश्न नंतर येतो. डाळिंब अमेरिकेत सुपर झालं कारण हजारो एकर झाडं एकाच घराण्याची होती. ब्राझीलच्या आसाई या ताडासारख्या झाडाच्या फळाचा रस मोनाव्ही नावाची युटातली कंपनी ४० डॉलरच्या आसपास एक बाटली या भावाने विकायची, साखळी पद्धतीने, एकाने दुसऱ्याला मेंबर करून. २०१५ मध्ये कर्ज थकून तिचा कारभार सावकाराच्या हातात गेला. आसाईची झाडं ॲमेझॉनच्या काठावर पूर्वीसारखीच उभी आहेत आणि तिथले लोक ते पूर्वीसारखंच खातात, पिठाबरोबर, माशांबरोबर, जेवण म्हणून.

नोनीचंही तेच. ताहितीचं नाव लावून १९९६ पासून ती बाटलीत आली, तीही साखळी पद्धतीनेच. आपल्याकडे बारतोंडीचं झाड असतं ना, तेच हे कुळ. पिकलं की वास असा येतो की कुणी फुकट दिलं तरी हात लावणार नाही. तीच नोनी आज गावोगावी ‘शुगर, सांधे, थायरॉइड, सगळ्यावर’ म्हणून विकली जाते. यात एक धोक्याची बाब आहे, तेवढी नीट वाचा: नोनीच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं. किडनीच्या पेशंटमध्ये तो पिऊन रक्तातलं पोटॅशियम वाढल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. विकणारा नातेवाईक हे सांगत नाही, कारण त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

याउलट पेरू बघा. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं. आवळ्यात त्याहून थोडं जास्तच. आयसीएमआरच्या हिशेबाने मोठ्या माणसाची दिवसाची गरज पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम. म्हणजे अर्धा पेरू, तिखटमीठ लावून. शंभर ग्रॅम ब्लूबेरीत ते दहाच्या आसपास असतं. पण पेरूची जाहिरात करणार कोण? पेरू सगळ्यांचा आहे. एकाने लाखो रुपये खर्चून ‘पेरू खा’ म्हटलं तर फायदा शेजारच्या हातगाडीवाल्याचाही होणार. जांभळाची तीच गत. बांधावरचं झाड, मालक ठाऊक नाही, पोरं खाली उभी. त्याच्या बियांची पावडर डब्यात भरली की मात्र लगेच ‘मधुमेहावर रामबाण’. आवळाही हल्ली त्याच वाटेने निघालाय, शॉट काय, गमी काय.

कोकमाची गोष्ट तर मला फारच झोंबते. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, आणि आग्नेय आशियातलं मँगोस्टीन ही एकाच गार्सिनिया कुळातली भावंडं. याच कुळातलं केरळचं कुडमपुळी तिथे माशाच्या कालवणात आंबटपणाला घालतात. त्याच्या सालीतलं हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड काढून ‘गार्सिनिया कंबोजिया’ नावाने वजन उतरवायच्या कॅप्सूल जगभर खपल्या. आपल्या आमसुलातही ते ॲसिड असतं. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यावरची चाचणी छापून आली: जाड असलेली १३५ माणसं, १२ आठवडे, आणि नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांपेक्षा वजनात काही फरक नाही. तरी पुढे टीव्हीवरच्या डॉक्टर ऑझनी तिची भलामण केली, आणि २०१४ मध्ये अशाच चमत्कारी गोळ्यांवरून अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे त्यांना बोलणी खावी लागली. या कॅप्सूल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. सोलकढी पिऊन यकृत बिघडलेला माणूस कोकणात शोधून दाखवा. आणि सोलकढी पिऊन बारीक झालेलाही!

आपल्याकडचा ताजा प्रकार म्हणजे डेंग्यूच्या सीझनमधली किवी आणि ड्रॅगन फ्रूट. दवाखान्याबाहेरच्या फळवाल्याकडे पावसाळा सरता सरता किवीची खोकी दिसली की समजावं. प्लेटलेट वाढतात म्हणे. डेंग्यूत प्लेटलेट काही दिवस घसरतात आणि आजार उतरायला लागला की आपोआप वर येतात. नेमक्या त्याच दिवसांत आत्या किवी घेऊन आलेली असते. मग श्रेय किवीला. डॉक्टर बिचारा सांगत असतो की पाणी पाजा, पातळ काही द्या, लघवी होतेय का बघा, पोट दुखायला लागलं तर लगेच सांगा. ते कुणी फॉरवर्ड करत नाही. किवी वाईट नाही, क जीवनसत्त्व चांगलं आहे तिच्यात. पण ती औषध नाही, आणि हातावर पोट असलेल्या घराने उसने पैसे काढून ती आणावी एवढं तर तिच्यात नक्कीच काही नाही. या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

माझे मामा सांगोल्याकडचे डाळिंबवाले. ‘भगवा’ जातीचंच डाळिंब आहे त्यांच्याकडे. मागे त्यांना विचारलं, “मामा, तुमचं फळ तिकडे सुपरफ्रूट म्हणून विकतात, माहितेय का?” म्हणाले, “अगं, सुपर म्हण नाहीतर आणि काही म्हण, तेल्या आला की व्यापारी बागेकडे फिरकत नाही.” (तेल्या म्हणजे फळावर डाग पाडणारा डाळिंबाचा रोग.) त्यांच्या जगात डाळिंबाचा भाव ठरतो तो रंगावर, आकारावर आणि सालीवर डाग आहे की नाही यावर. कोणता बहार धरला, पाणी कधी तोडलं, फुलोऱ्यात पाऊस आला का, मर रोगाने किती झाडं गेली, चर्चा या सगळ्याची. अँटिऑक्सिडंटच्या नावाने जास्तीचे पैसे त्या बागेत कधी आलेले नाहीत. ‘सुपर’ची किंमत लागते ती बाटलीत भरल्यावर, आणि बाटली मामांची नसते. सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे तेल्या-मरवर काम चालतं. मला विचाराल तर हेच खरं डाळिंब-संशोधन. हृदयरोगाच्या जाहिरातीपेक्षा त्याने जास्त घरं तगली असतील.

कुणी म्हणेल, एवढं सगळं लिहून फळं खाऊ नका म्हणताय का? छे. रोज खा. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून दिवसाला ४०० ग्रॅम खायला सांगते आणि त्यात कुठलं फळ ते सांगत नाही. फक्त चावून खा. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या पावणेदोन लाखांहून जास्त माणसांचा, वर्षानुवर्षांचा अभ्यास छापून आला होता. अख्खी ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला, आणि फळांचा रस पिणाऱ्यांत थोडा जास्त. असल्या अभ्यासातून कारण-परिणाम पक्का ठरत नाही, पण रसाचं गणित तसंही अवघड नाही. मोठा ग्लासभर डाळिंबाचा रस म्हणजे तीसेक ग्रॅम साखर, सहा-सात चमचे. चोथा गेलेला. दाणे खायला बसलात तर सोलता सोलताच निम्मी भूक भागते.

आपल्या एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, जून २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं की घट्ट रसात पाणी घालून बनवलेल्या पेयांवर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं छापू नका. युरोपात तर २००७ पासूनच नुसतं ‘सुपरफूड’ लिहायला परवानगी नाही, सोबत मान्यता मिळालेला ठोस दावा लागतो. आपल्याकडे तो शब्द अजून मोकाट आहे. दुकानात गेलात तर पुढचं चित्र बघू नका, बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. पहिला घटक कोणता, साखर किती, एवढं पुरे.

आणि हो, या पोस्टखाली ‘ताई, आमचा प्रॉडक्ट वेगळा आहे, एकदा ट्राय करून बघा’ असं लिहायला तिघेचौघे येणारच. या, स्वागत आहे. येताना फक्त माणसांवर झालेली, तुलनेचा गट असलेली एक चाचणी घेऊन या. परीक्षानळी चालणार नाही, उंदीर चालणार नाहीत, आणि तुमच्या अपलाइनच्या, म्हणजे तुम्हाला मेंबर करणाऱ्याच्या, सासूबाईंचा अनुभव तर मुळीच चालणार नाही.