कमी एन्ट्रॉपीच हवी तर हिरे खा

मावशीने चार दिवस शुगरची गोळी घेतली नाही. का, तर व्हॉट्सॲपवर आलं: ‘नोबेल विजेते श्रोडिंगर सांगतात, जीव निगेटिव्ह एन्ट्रॉपीवर जगतो. शिजवलेलं अन्न आणि गोळ्या एन्ट्रॉपी वाढवतात. कच्चं खा, गोळ्या सोडा, घरातला पसारा आवरा, रोग पळेल.’ एन्ट्रॉपी म्हणजे ढोबळमानाने अव्यवस्थेचं माप; निगेटिव्ह एन्ट्रॉपी म्हणजे त्याच्या उलट, सुव्यवस्था.

जीव निगेटिव्ह एन्ट्रॉपीवर जगतो, असं भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर म्हणाले होते, हे मान्य करावं लागतं. 1944 च्या ‘व्हॉट इज लाइफ?’ या त्यांच्या पुस्तकात ते आहे. पण त्याच प्रकरणाला त्यांनी नंतर एक टीप जोडली, ती कुणी वाचत नाही. भौतिकीवाल्यांसाठी लिहीत असतो तर ‘मुक्त ऊर्जे’वर, म्हणजे कामाला लावता येणाऱ्या ऊर्जेवर, बोललो असतो, असं ते तिथे स्वतःच कबूल करतात. भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस सायमन यांचा टोलाही नोंदवतात: नुसती सुव्यवस्थाच खायची, तर आपण कोळसा किंवा हिऱ्याचा लगदा का खात नाही? ग्रॅममागे हिऱ्याची एन्ट्रॉपी साखरेच्या जेमतेम पाचवा हिस्सा. आपल्याकडच्या गोष्टींत मात्र हिरकणी गिळतात ती जीव द्यायला.

आता गोळी, कारण राग तिथेच येतो. शरीर एन्ट्रॉपी बाहेर टाकतं ते मुख्यतः उष्णतेतून. नुसता बसलेला माणूस सुमारे 100 वॅट सोडतो. त्याला शरीराच्या तापमानाने, म्हणजे 310 केल्विनने भागा, मिनिटाला साधारण 19 ज्यूल प्रति केल्विन एवढी एन्ट्रॉपी बाहेर पडते, तीही दिवसरात्र. त्यापुढे अर्ध्या ग्रॅमच्या गोळीची काय कथा! मावशीची गोळी मेटफॉर्मिनची. यकृत रक्तात जी साखर सोडतं, ती ही गोळी कमी करते. गोळी थांबली की साखर चढते, आणि डोळे, मूत्रपिंडं, पायांच्या नसा काही फॉरवर्ड वाचत नाहीत.

शिजवण्याचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने सांगतो. भात शिजताना स्टार्चच्या कणांतली स्फटिकी रचना मोडते, अव्यवस्था वाढते. पण म्हणूनच तर पाचक रस आत पोचतात. नाहीतर वाटीभर कच्चे तांदूळ चावून बघा.

पसाऱ्याबद्दल एवढंच: खुर्चीवरच्या कपड्यांच्या घड्या घातल्याने त्यांच्या एन्ट्रॉपीत मोजण्याजोगा फरक पडत नाही. आवरणाऱ्याला फुटलेल्या घामाने उलट खोलीतली वाढतेच. पाहुणे येणार म्हणून आवरा हवं तर.

मावशीने काल रात्रीपासून गोळी सुरू केली. फॉरवर्ड मात्र तिने आधीच भिशीच्या ग्रुपवर टाकला होता. हेही तिथे टाक म्हटलं, तर म्हणते, ‘एवढं लांबलचक कोण वाचणार?’