बांध नसलेलं शिवार

बांधावरून भावाभावांची डोकी फुटलेली गावाकडं आपण सगळ्यांनीच ऐकलीत. म्हणूनच नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन या छोट्या इंग्लिश गावाबद्दल लिहायचा मोह आवरत नाही. तिथल्या तीन मोठ्या शिवारांत ना कुंपण, ना बांध. एकेकाच्या पट्ट्या विखुरलेल्या आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये नुसती नांगराची सरी. मध्ययुगात इंग्लंडच्या बऱ्याच भागात शेती अशीच चालायची. पुढं, मुख्यतः १७५० ते १८५० या काळात, संसदेनं कायदे करून जमिनींना कुंपणं घातली आणि सामाईक चराईवर जगणारा गरीब माणूस देशोधडीला लागला. लॅक्स्टन वाचलं ते कुणाच्या थोर विचारांमुळं नव्हे. दोन बड्या जमीनदारांचं आपसांत जमलं नाही म्हणून, असं सांगतात!

दरवर्षी नोव्हेंबरअखेर गावातलेच शेतकरी ज्युरी म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या शिवारात उतरतात. पट्टीची खुंटी हलली असेल तर मापून पुन्हा ठोकायची. कुणी नांगर रेटून रस्त्यात किंवा राखीव गवतात घुसवला असेल, तर ते टिपून घ्यायचं. मधे गावच्या पबमध्ये जेवण. पुढच्या आठवड्यात तिथंच ‘कोर्ट लीट’, म्हणजे जुन्या जमीनदारी काळापासूनचं गावकोर्ट भरतं. दंड किरकोळच, पण चारचौघांत नाव निघतं ना! १९७७ च्या कायद्यानं असली बहुतेक जुनी कोर्टं निकालात काढली, लॅक्स्टनच्या कोर्टाचा अधिकार मात्र शाबूत ठेवला.

‘काळ थांबलेलं गाव’ वगैरे कौतुक मला पटत नाही. १६३५ च्या नकाशात दोन हजारांवर पट्ट्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या जोडून मोठ्या केल्या. पूर्वी तिसऱ्या वर्षी जमीन पडीक टाकत, आता चारा घेतात. मालकही बदलले. १९५२ ला सरकारनं हे गाव मॅनव्हर्स घराण्याच्या थोरस्बी इस्टेटीकडून घेतलं, १९८१ ला ते क्राउन इस्टेटकडं (राजसत्तेच्या नावावरच्या जमिनी सांभाळणारी संस्था) गेलं आणि २०२० मध्ये फिरून त्याच जुन्या इस्टेटीकडं आलं.

अडचणीची गोष्ट पुढंच आहे. हे शेतकरी बहुतेक कुळं आहेत. आपल्यासारखा कुळकायदा तिथं लागू झाला असता, तर एकेकानं आपापली पट्टी विकली असती आणि ही पद्धत दोन पिढ्यांत मोडली असती, असं माझं मत. ‘कसेल त्याची जमीन’ मानणाऱ्या मला हे लिहिताना जड जातंय, पण लॅक्स्टनपुरतं तरी जमीन एकाच मालकाकडं राहण्याला मला दुसरा पर्याय दिसत नाही.