पत्र्यावरचा पाईप

आमच्या घरावर पत्रे आहेत आणि परभणीकडच्या आमच्या गावात वानरं आहेत. या दोहोंच्या मधे संडासाच्या टाकीचा चार इंची हवेचा पाईप उभा असतो. म्हणजे असायचा.

मिस्त्रीनं तो वळचणीपाशी काढला. "आढ्याजवळ काढला तर पाईप लांब लागंल, पैशे तुमचेच जातेत," म्हणाला. मी गहिवरलो. मग रोज सकाळी, पत्रा तापायच्या आत, वानरांचा कळप लिंबावरून आढ्यावर उतरायचा आणि बूड टेकून घसरत खाली यायचा. वळचणीला धरायला एकच वस्तू होती.

पाईप आधी कलला. मग भोकाभोवतीचं डांबर सुटलं. मृगाचा पाऊस आला तो नेमका संडासात. तिथं एक छत्री कायमची टांगली. पाहुणे जाऊन आले की काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. शेवटी एका हुप्प्यानं पाईप पत्र्याखालून मोडला आणि टाकीतली हवा, जी आजवर अख्ख्या गावाची होती, ती आमची एकट्याची झाली.

भाचा कॅनडात असतो. व्हिडिओ कॉलवर त्याला गहाळ पाईप दाखवला तर पोरगं खूश! "मामा, इथं बर्फानं अगदी असंच होतं. पत्रा गुळगुळीत. घराच्या उबेनं बर्फाचा खालचा थर वितळतो आणि वरची अख्खी लादीच सुटते. पाईप जितका वळचणीकडं, तितका वरून येणारा बर्फ जास्त. म्हणून पाईप आढ्याजवळ काढायचा. नाहीतर त्याच्या वरच्या अंगाला पाचरीसारखा पत्रा ठोकायचा, म्हणजे बर्फ दुभंगून दोन्हीकडून जातो. काही जण पत्र्यावर ओळीनं अडणीही लावतात, बर्फ एकदम सुटू नये म्हणून."

आमच्याकडं बर्फ म्हणजे २०१४ ची गारपीट. फेब्रुवारी-मार्चात उभी पिकं झोपली, पत्र्यांचा ताशा झाला, पण पाईप हलला नाही. गारा बिचाऱ्या काही धरून उतरत नाहीत.

मिस्त्रीला पाचर सांगितली.

"तिकडं वानरं हायेत का?"

"नाहीत."

"मंग त्येंला काय कळतंय?"

तरी उरलेल्या पत्र्याची पाचर वाकवली, इंग्रजी 'J'सारख्या वाकड्या हुकनं खालच्या अँगलला आवळली, रबरी वायसर घातले, नव्या पाईपाच्या बुडाशी डांबर थापलं. आढ्याजवळ नवा पाईप काढायचं त्यानं या खेपेलाही माझ्या पैशाच्या काळजीनं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात चहा घेऊन उभा. हुप्प्या घसरत आला. पाचरीशी आला, पण बर्फासारखा दुभंगला नाही. दोन्ही बाजूंना पाय सोडून घोड्यावर बसावं तसा बसला. दोन्ही हातांनी पाईपाला मिठी मारली, वाकून वरच्या जाळीला नाक लावलं आणि झटकन मागं घेतलं. मग पाहुण्यांसारखाच, काही न बोलता, माझ्याकडं बघत राहिला.