नोकरी लागली की पेन्शन बंद, आणि नोकरी सुटली की?

"तुला काय टेन्शन, सरकार घरबसल्या पैसे देतंय ना!" हे वाक्य ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. मी दोन्ही पायांनी दिव्यांग आहे आणि मला राज्य सरकारची पेन्शन मिळते. नातेवाईक बोलतात, शेजारचे बोलतात, आणि आता मुलाखत घेणारेही बोलायला लागलेत. मी समोर नोकरी मागायला बसलेय, हातात पदवीचं सर्टिफिकेट आहे, आणि समोरचा माणूस मलाच समजावतोय की तुला नोकरीची एवढी काय घाई आहे.

तर सरकार काय देतं ते एकदा नीट ऐकाच. संजय गांधी निराधार अनुदान योजना, हीच आमची पेन्शन. किमान ४० टक्के दिव्यांगत्व हवं, वय ६५ च्या आत हवं, राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा हवा, तहसीलला अर्ज, मग समितीची मंजुरी. कित्येक वर्षं महिन्याला ६०० रुपये मिळायचे, मग १,००० झाले, २०२३ मध्ये १,५०० झाले, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५०० केले. वाढले ते चांगलंच झालं, कुणी नाही म्हणत नाही. पण दिवसाला ८३ रुपये पडतात. पायाला आधार म्हणून लावायच्या माझ्या कॅलिपरचा सांधा एकदा बिघडला की तो महिना तिथेच संपतो. यावर एक माणूस घरबसल्या आरामात जगतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते जगून दाखवावं.

बरं, रक्कम कमी आहे हे दुःख जुनं आहे. माझा संताप होतो तो अटीवर. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे ५०,००० रुपये. महिन्याची नाही, वर्षाची. माझ्या एकटीची नाही, अख्ख्या घराची. बाराने भागा, महिन्याला ४,१६६ रुपये येतात. आता मला अशी एक पूर्णवेळ नोकरी दाखवा, जी धरल्यावर आमच्या घराचं उत्पन्न त्या ४,१६६ च्या आत राहील. साध्यातली साधी, डेटा एंट्रीची, रिसेप्शनची, कुठलीही. नाहीच. म्हणजे पहिली नोकरी लागली की मी योजनेच्या बाहेर. पगाराच्या प्रमाणात पेन्शन थोडी कमी झाली, असा प्रकार नाही. सगळीच बंद.

मग लोक म्हणतात, बंद झाली तर झाली, पगार येतोय ना! येतोय, पण किती दिवस? पहिली नोकरी काय चीज असते हे विसरलात का सगळे? तीन महिने प्रोबेशन, किंवा अकरा महिन्यांचं कंत्राट. उद्यापासून येऊ नका म्हणाले की घरी. धडधाकट मुलाला हे सांगितलं तर तो दुसरीकडे शोधतो, तोवर घरचे सांभाळून घेतात. माझी नोकरी सुटली तर मी परत तहसीलच्या दारात. पुन्हा तलाठ्याकडे जा, पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा सेतू केंद्र, पुन्हा अर्ज, पुन्हा समिती बसायची वाट बघा. आणि इथे खरी मेख आहे. दाखल्यावर उत्पन्न लागतं वर्षाचं. समजा मला १२,००० पगाराची नोकरी मिळाली आणि पाच महिन्यांत सुटली. पाच बारे साठ. झाले साठ हजार! म्हणजे आज माझ्या हातात दमडी नसली तरी कागदावर मी त्या वर्षापुरती सधन. नोकरीही नाही, पेन्शनही नाही. हा नियम लिहिताना कुणाच्याच मनात आलं नाही का, की दिव्यांग माणूस नोकरी धरेल, ती सुटेल, तो दुसरी शोधेल, जसं बाकी सगळे करतात?

मी तहसीलच्या खिडकीवर सरळ विचारलं होतं. समजा मला काम मिळालं आणि टिकलं नाही, तर पेन्शन परत लगेच सुरू होईल का? समोरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "नोकरी लागली की कळवायचं, नाहीतर वसुली निघेल." मी पुन्हा तेच विचारलं. तर म्हणाल्या, "मॅडम, मग आत्ता नोकरी कशाला बघताय? चालू आहे ते चालू ठेवा ना." एका सरकारी टेबलावरून एका पदवीधर मुलीला दिलेला हा सल्ला आहे. नोकरी बघू नकोस. आणि मला जास्त लागलं ते हे की घरी येऊन सांगितलं तेव्हा आईही तेच म्हणाली. "त्या बाई बरोबर बोलतायत गं, हातचं जाऊ नको देऊस." आईचा राग येत नाही मला. तिने ही पेन्शन मिळवताना काय काय सोसलंय ते मी बघितलंय, माझा हात धरून त्या पायऱ्या तीच चढलीय. पण माझ्याच आईला माझ्या नोकरीची भीती वाटावी, अशी व्यवस्था ज्यांनी उभी केली त्यांचा राग येतो. प्रचंड येतो.

यातून पळवाट काय निघते ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त बोलत कोणी नाही. "पगार रोखीत घे, खात्यावर नको." मला हे किती जणांनी सांगितलं! आणि मालकांनाही हे बरोबर कळतं. एका ठिकाणी हिशेबाचं काम होतं. त्या गृहस्थांनी माझा यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, पेन्शन चालू आहे का? हो म्हटल्यावर त्यांचा चेहराच खुलला. म्हणाले, मग आपण कागदावर काही दाखवायला नको, तुमची पेन्शनही वाचेल, मी रोख देत जाईन. किती देणार? त्याच जागेवरच्या आधीच्या मुलाला जेवढे देत होते त्याच्या निम्मे. कारण "बाकीचे तुम्हाला तिकडून मिळतायतच ना." म्हणजे सरकारने मला दिलेले पैसे हा माणूस माझ्या पगारातून कापून स्वतःच्या खिशात घालणार, आणि वर माझ्यावर उपकार केल्यासारखा बोलणार. पीएफ नाही. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, तोही नाही, ज्यात दिव्यांग कामगारासाठी पगाराची मर्यादा मुद्दाम २५,००० ठेवलीय, इतरांची २१,००० आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अनुभवाचा दाखला नाही. वर्षभर राबून मी पुढच्या ठिकाणी गेले तर तिथे मी फ्रेशरच. पहिली नोकरी केली आणि तरी ती झालीच नाही! मी नाही म्हणून उठले. पण मला कळतं की बरेच जण नाही म्हणू शकत नाहीत. त्यांना कोणी लबाड म्हणू नका. त्यांच्यासमोर दुसरा रस्ता ठेवलाय का कोणी?

मुलाखतींचं तर विचारूच नका. जाहिरातीत लिहिलेलं असतं, लिफ्ट आहे. लिफ्ट असते, पण लिफ्टपर्यंत जायला चार पायऱ्या असतात आणि त्यांना कठडा नसतो. मी कुबड्या एका हातात घेते, भिंतीला टेकते, एक एक पायरी चढते, आणि वॉचमन ओरडतो, "अहो ताई, पडाल, कुणाला भेटायचंय, त्यांना खाली बोलावतो." वर पोचेपर्यंत ड्रेस घामाने भिजलेला असतो आणि त्याच अवस्थेत सांगायचं की मी या कामासाठी योग्य आहे. मला टॅली येतं. जीएसटीचे रिटर्न भरता येतात. एक्सेलमध्ये मी माझ्या वर्गातल्या कुणापेक्षाही कमी नाही. यातलं एक अक्षर विचारलं जात नाही. विचारतात काय? जन्मापासून आहे की नंतर झालं? रोज येणं जमेल का? घरी कोण कोण असतं? लग्नाचं काय ठरलंय? आई सोबत असली की प्रश्न माझ्याकडे येतच नाहीत, सगळे आईकडे जातात. "हिला आठ तास बसवतं का?" अहो, मी इथे बसलेय! मला विचारा! शेवटी ठरलेलं असतं, "वॉशरूम वरच्या मजल्यावर आहे, तुम्हालाच त्रास होईल, आम्ही कळवतो." कळवत कोणीच नाही. नाही म्हणून सांगण्याएवढाही मान देत नाहीत.

आणि कायदा आहे, बरं का. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या २१ व्या कलमात लिहिलंय की प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं, खासगी आस्थापनेनेसुद्धा. मी एका ठिकाणी एचआरला विचारलं, तुमचं ते धोरण बघायला मिळेल का? तिने मला परत विचारलं, हे काय असतं? कायदा मोडला तर पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त १०,००० रुपये. कोणती कंपनी घाबरेल याला? खासगी क्षेत्रात निदान पाच टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं, हेही कायद्यात आहे, पण तेही सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. दिव्यांगांना कामावर घ्यायची सक्ती कुठल्याच खासगी मालकावर नाही.

"पण तुम्हाला चार टक्के आरक्षण आहे की!" हे तर मला पाठ झालंय. चार टक्के माझ्या एकटीला नाहीत. त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना, एक कर्णबधिरांना, एक बौद्धिक, मानसिक आणि बहुविकलांगांना. उरलेल्या एका टक्क्यात आम्ही हातापायाचे सगळे, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, ॲसिड हल्ल्यातले पीडित, बुटकेपणा असलेले, कुष्ठमुक्त, सगळे. तेही फक्त सरकारी जागांमध्ये. त्यातही बऱ्याच पदांसमोर लिहिलेलं असतं की ओएल चालेल, म्हणजे एक पाय. माझं सर्टिफिकेट बीएलचं, दोन्ही पाय. खुर्चीत बसून करायच्या कामाला एक पाय आणि दोन पाय यात काय फरक पडतो ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यात भरती निघणार, परीक्षा रखडणार, निकाल कोर्टात जाणार. तोवर जगायचं कशावर?

लोक म्हणतात, दिव्यांगांना कामच नको असतं. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले आणि त्यातले ३६ टक्के काम करणारे होते. या सगळ्या अडथळ्यांवरून उड्या मारून ३६ टक्के! उरलेल्यांत लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, आणि माझ्यासारखे दारोदार फिरणारेही आहेत. आळशी म्हणायच्या आधी त्या चार पायऱ्या एकदा चढून बघा.

मी मागतेय ते फार नाही. नोकरी लागल्यापासून पहिली दोन वर्षं माझा पगार त्या मर्यादेत धरू नका. पेन्शन एकदम तोडू नका, पगार वाढेल तशी कमी करत न्या. आणि नोकरी सुटली तर जुन्याच फाईलवर, एका साध्या अर्जावर ती परत सुरू करा, माझे पाय काही मधल्या काळात बरे झालेले नसतात. जगात हे कुणी केलेलं नाही असंही नाही. अमेरिकेत आधी नोकरी करून सोशल सिक्युरिटीत पैसे भरलेल्यांना जो दिव्यांग भत्ता मिळतो, त्यात नऊ महिने काम करून बघायची मुभा आहे, पगार कितीही असो, त्या महिन्यांचा भत्ता थांबत नाही. तिथे सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. तिथल्याच गरिबांसाठीच्या दुसऱ्या योजनेत एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, आणि तो आकडा १९८९ पासून हललेला नाही. म्हणजे माणसाला गरीबच ठेवायची ही खोड सगळीकडे आहे. पण काम करून बघू देण्याची सोय निदान कुठेतरी तरी आहे. आपल्याकडे तेवढंही नाही.

यासाठी नवी योजना नको, नवं नाव नको, फोटो काढायचा कार्यक्रम तर अजिबात नको. योजनेच्या अटी बदलणारा एक शासन निर्णय लागतो. पेन्शनची योजना सामाजिक न्याय विभागाकडे आहे, आणि २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग काढलाय. दोघांनी एका टेबलावर बसून हा ५०,००० चा आकडा आणि त्याखालची अट एकदा वाचावी. उत्पन्नाचा दाखला आमच्याकडून घेता ना? मग एक दाखला तुम्ही द्या. या अटीत राहून दिव्यांग माणसाने पहिली नोकरी कशी करायची, ते लिहून, सही-शिक्क्यानिशी द्या.